पैठणच्या पंडिताने सोंग का घेतलं? भारूडकार संत एकनाथांची गोष्ट

टोकियो शहरात योसे नावाची छोटी नाट्यगृहं आहेत. शिंजुकु भागातलं सुएहिरोतेई, उएनोमधलं सुझुमोतो, असाकुसातला एन्गेई हॉल ही त्यातली नावाजलेली. तिकीट काढून आत गेलं तर रंगमंचावर एका चौकोनी गादीशिवाय जवळपास काहीच दिसत नाही. किमोनो घातलेला एक माणूस येतो, गुडघे मुडपून गादीवर बसतो, वाकून नमस्कार करतो आणि गोष्ट सांगू लागतो. या कलेला राकुगो म्हणतात. हातात फक्त घडीचा पंखा आणि एक सुती रुमाल. तोच पंखा कधी लेखणी होतो, कधी तलवार, कधी शेवया खायच्या काड्या. मान एका बाजूला वळवली की घरमालक बोलतो, दुसऱ्या बाजूला वळवली की भाडेकरू. गोष्ट शेवटच्या वाक्यावर अशी काही उलटते की ऐकणारा हसत सुटतो. जपानी भाषेत या शेवटाला ओचि, म्हणजे पडणं, असंच म्हणतात.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या नांदूरघाटचा माणूस तिथे नेऊन बसवला तर भाषा कळणार नाही, पण प्रकार ओळखीचा वाटेल. मराठवाड्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. आणि रात्र चढली, डोळे जड व्हायला लागले की जागराला भारूड. एखादा मिशीवाला गडी लुगडं नेसून, कपाळाला मळवट भरून उभा राहतो आणि सासूची गाऱ्हाणी सांगायला लागतो. मागचे टाळकरी त्याला उलटसुलट प्रश्न विचारतात. पुढे बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. शेवटच्या कडव्यात मात्र सगळं उलटतं आणि कळतं की गाऱ्हाणं सासूचं नव्हतंच.

योगायोग असा की दोन्हीकडे ही हसवण्याची रीत धर्माच्या ओसरीवरच वाढली. राकुगोचा मूळपुरुष म्हणून आनराकुआन साकुदेन या बौद्ध भिक्षूचं नाव घेतलं जातं. त्याचा काळ १५५४ ते १६४२. क्योतोतल्या सेइगानजी मंदिराच्या या प्रमुखाने प्रवचनात सांगायच्या हजारभर विनोदी गोष्टी गोळा करून ठेवल्या. योसेची कायमची नाट्यगृहं त्यानंतर बरीच उशिरा, १७९८ च्या सुमारास आली. साकुदेन तरुण होता तेव्हा इकडे गोदावरीकाठी पैठणला संत एकनाथ भारुडं रचत होते. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. पण समोरचा श्रोता पेंगतोय आणि त्याला जागं ठेवायचं आहे, ही अडचण एकच होती.

पैठणच्या बाबतीत अडचण आणखी एक होती. तिथे हसवणारा माणूस पंडित होता, आणि पंडिताने काय बोलावं हे ठरवणारं गावही तेच होतं.

पोरका मुलगा आणि देवगिरीची कचेरी

एकनाथांचा जन्म साधारण १५३३ चा मानतात. घराणं पैठणचं, विठ्ठलभक्तीचं. पणजोबा भानुदास. विजयनगरला नेलेली पंढरपूरची विठ्ठलमूर्ती याच भानुदासांनी परत आणली, असं वारकरी परंपरा सांगते. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी एकनाथ लहान असतानाच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजीने नातवाला वाढवलं.

तेव्हाचं पैठण म्हणजे दक्षिणेची काशी. धर्मनिर्णय हवा असेल तर लोक पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे यायचे. ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी याच गावात यावं लागलं होतं, ही गोष्ट मराठी घरात सगळ्यांना ठाऊक आहे. अशा गावात हुशार ब्राह्मण मुलाचा रस्ता ठरलेला असायचा: वेद, शास्त्र, आणि मग सभेत बसायची जागा.

एकनाथ बाराव्या वर्षाच्या आसपास घरातून निघाले आणि देवगिरीला, म्हणजे दौलताबादला पोहोचले. तिथे जनार्दनस्वामी होते. दत्तभक्त, पण मठात बसलेले नव्हे, तर निजामशाहीच्या चाकरीत किल्ल्याचा कारभार पाहणारे. एकनाथ त्यांच्याकडे राहिले, त्यांची सेवा केली आणि हिशेबाचं कामही केलं. एका पैची चूक सापडेना म्हणून पोराने रात्रभर दिव्याच्या उजेडात वह्या धुंडाळल्या आणि चूक हाती लागताच आनंदाने टाळी वाजवली, ही कथा शाळेच्या पुस्तकांपर्यंत येऊन पोहोचली आहे. कथेचं तात्पर्य गुरूने सांगितलं ते असं की एवढं लक्ष परमार्थात लावलं तर काय होईल.

या कथेतली दुसरी गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. एकनाथांच्या तरुणपणीची काही वर्षं सरकारी दफ्तराच्या शेजारी गेली. अर्ज, ताकीद, कौल, जमा, परगणा, हुजूर या फारसीमिश्रित बोलीत राज्य चालत होतं. गुरूच्या घरी हीच बोली कानावर पडत असणार. पुढे ती त्यांच्या भारुडांत अशी काही उतरली की आजही ऐकताना कचेरीच्या पायरीवर उभं राहिल्यासारखं वाटतं.

गुरूच्या आज्ञेने तीर्थयात्रा झाली, मग पैठणला परतणं, गिरिजाबाईंशी लग्न, आणि संसार. गोदा आणि गंगा या दोन मुली, हरी हा मुलगा. यातल्या एका मुलीचा मुलगा म्हणजे महाभारत मराठीत आणणारा कवी मुक्तेश्वर. संतचरित्रांत घरदार सोडलेली माणसं पुष्कळ भेटतात. नाथांचं वेगळेपण असं की त्यांनी घर सोडलं नाही. सकाळी स्नान, पूजा, ग्रंथाचं काम, दुपारी पुराण, रात्री कीर्तन, आणि दारात येईल त्याला जेवण. पुढचे सगळे वाद या घरातून आणि या पंगतीतूनच उभे राहिले.

रस्त्यावरची माणसं कीर्तनात आली

पैठणसारख्या क्षेत्राच्या रस्त्यावर सकाळपासून कोण कोण फिरायचं याची यादी करायची असेल तर नाथांची भारुडं उघडावीत. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव, कुडबुडं वाजवणारा जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी जोगीण, गारुडी, फकीर, गावाची राखण करणारा महार, आणि शिवाय आंधळा, मुका, बहिरा. या प्रत्येकाच्या तोंडून नाथ बोलले. अशी रूपकं ज्ञानदेव आणि नामदेवांनीही लिहिली होती, पण ती थोडी. नाथांनी सव्वाशेच्या आसपास विषयांवर मिळून तीनशेच्या घरात भारुडं रचली, असं सांगतात.

भारूड शब्दाची एक व्युत्पत्ती भारुंड पक्ष्याशी जोडतात. एक धड आणि दोन तोंडं असलेला हा कल्पनेतला पक्षी. शब्दाचं मूळ काही असो, वर्णन चपखल बसतं. एक तोंड रस्त्यावरचं बोलतं, दुसरं वेदान्ताचं, आणि गाणं एकच.

हे नेमकं कसं चालतं हे रोडग्याच्या भारुडावरून कळतं. एक सून भवानी आईला नवस करते. सासरा गावाला गेला आहे, त्याला तिकडेच ठेव. सासू छळते, तिला ने. जाऊ, नणंदेचं पोर, एकेकाचा निकाल लावत ती शेवटी नवऱ्यापर्यंत येते. बदल्यात देवीला काय, तर रोडगा. श्रोते हसतात, कारण प्रत्येक घरात हे गाऱ्हाणं आहे आणि ते कुणी चारचौघांत बोलत नाही. शेवटच्या कडव्यात एका जनार्दनी ही नाथांची मुद्रा येते आणि मागणीचा अर्थ फिरतो. सगळी नाती सुटू देत, मी एकटी तुझ्या पायाशी राहीन. सून म्हणजे जीव, सासरचं गोतावळं म्हणजे त्याला अडकवणारे पाश. आधी हसलेली बाई तिथे क्षणभर गप्प होते.

राकुगोशी फरक इथेच पडतो. राकुगोतली गोष्ट ओचिवर आदळते आणि कलाकार नमस्कार करून निघून जातो; श्रोत्याने काय घ्यावं ते त्याचं तो बघेल. नाथ श्रोत्याला इतक्या सहज सोडत नाहीत. हसू आलं, तोंड उघडं आहे, तेवढ्यात औषध घशाखाली.

विंचवाच्या भारुडात तर औषधच सांगितलं आहे. विंचू चावलेला माणूस उड्या मारतो, बोंबलतो, आणि सोंग घेणारा जितका कसलेला तितका तो जास्त लोळतो. विंचू म्हणजे काम-क्रोध, उतारा म्हणजे सत्त्वगुणाचा अंगारा. शाहीर साबळे यांच्या आवाजातून हे भारूड विसाव्या शतकात शहरांतही पोहोचलं.

मग ते कचेरीचं भारूड, अर्जदस्त. इथे शरीर हा एक परगणा आहे. काम, क्रोध, दंभ हे त्यातले अंमलदार, त्यांना चक्क शेटे, नाईक, देशमुख अशी गावगाड्यातली नावं आणि हुद्दे दिलेले. वसुली नीट होत नाही, रयत पळते आहे, वरून यमाजीची तंबी येऊन धडकली आहे, असा हा अर्ज. ज्याने आयुष्यात एकदा तरी सरकारी कागदासाठी हेलपाटे घातले असतील त्याला हे समजायला भाष्य लागत नाही. निजामशाहीतल्या खेडुतालाही लागलं नसणार. ताकीदपत्र, अभयपत्र असे आणखीही कागद नाथांनी याच थाटात लिहिले.

हिंदू-तुर्क संवाद हा प्रकार आणखी धीट. एक हिंदू आणि एक मुसलमान भांडायला उभे राहतात. एकजण दुसऱ्याच्या देवाची, सोवळ्याची, पुराणकथांची टर उडवतो. दुसरा पहिल्याच्या रीतींची. तुर्काच्या तोंडी दखनी हिंदीचा बाज आहे. कुणालाच सूट नाही. शेवटी दोघांना कळतं की भांडण रीतींचं आहे, परमेश्वराचं नाही, आणि दोघं गळ्यात गळा घालतात. नाथांचे गुरू सुलतानी किल्ल्यावर नोकरी करत होते आणि आसपास सगळीकडे मिश्र वस्ती होती, हे लक्षात घेतलं तर हा संवाद हवेतून आलेला नाही.

पण पैठणच्या लोकांना सगळ्यात जास्त खटकलं असेल ते जोहार. गावचा महार वतनदारांना वाकून जोहार घालतो, ही रोजची रीत. नाथांच्या जोहारात तो महार जोहार घालतो आणि मग मायबापांनाच जागं करतो: वरचं बोलावणं येणार आहे, हिशेब तयार आहे का? गावाची राखण करणारा, पण गावाच्या वेशीबाहेर ठेवलेला माणूस इथे शहाणा ठरतो. आणि हे लिहिणारा, गाणारा माणूस ब्राह्मण, तोही पैठणचा. अमेरिकन इतिहासकार एलिनॉर झेलियट यांनी महाराष्ट्रातल्या दलित चळवळीचा अभ्यास करताना या भारुडांकडे खास लक्ष दिलं, ते यासाठीच.

काशी आणि घर

एकनाथ फक्त भारूडकार असते तर कदाचित पंडितांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं असतं. गोंधळी, वासुदेवही गातातच. त्रास असा होता की हा माणूस संस्कृत ग्रंथांत कुणाला हार जाणारा नव्हता. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी मराठीत ओवीबद्ध टीका लिहायला घेतली. पैठणला पाच अध्याय झाले आणि बातमी काशीपर्यंत गेली. चरित्रकार सांगतात की तिथल्या पंडितांनी त्यांना जाब द्यायला बोलावलं, ग्रंथ ऐकला, आणि शेवटी त्याची मिरवणूक काढली. मिरवणुकीचे तपशील कथेचे असतील. ग्रंथ मात्र काशीतच पूर्ण झाला, तो १५७३ मध्ये, आणि त्याला आपण एकनाथी भागवत म्हणतो. रुक्मिणी स्वयंवर त्याच्या दोन वर्षं आधीचं.

काशी जिंकणं सोपं होतं म्हणायची पाळी घरात आली. मुलगा हरी मोठा संस्कृत पंडित झाला. बाप मराठीत पुराण सांगतो, कुणाच्याही हातचं खातो, हे त्याला सहन होईना. तो घर सोडून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले तेव्हा हरिपंडिताने दोन अटी घातल्या: पुराण मराठीत सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. नाथांनी त्या मान्य केल्या.

मग जे झालं ते महिपतींसारख्या चरित्रकारांनी रंगवून सांगितलं आहे. पुराण सुरू झालं, पण हरिपंडिताचं, संस्कृत आधाराने. पहिले काही दिवस लोक आले. हळूहळू गर्दी ओसरली. ज्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसायची तिथे मोजकी डोकी उरली. नाथ गप्प बसून ऐकत राहिले. पुढे एका बाईने सहस्रभोजनाचा नवस फेडायचा म्हणून नाथांना जेवायला बोलावलं. अट मोडू नये म्हणून स्वयंपाक हरिपंडितानेच केला. जेवण झाल्यावर त्याने पत्रावळ उचलली तर खाली दुसरी, ती उचलली तर तिसरी, अशा हजार निघाल्या. मुलगा शरण आला आणि मराठी पुराण पुन्हा सुरू झालं.

चमत्कार बाजूला ठेवला तरी गोष्टीतलं दुखणं खरं वाटतं. रोज माणसांशी बोलणाऱ्याने स्वतःच्या मुलासाठी आपली भाषा गुंडाळून ठेवली आणि रिकामी होत जाणारी ओसरी पाहिली.

बाकीच्या कथा प्रसिद्ध आहेत. श्राद्धाचं अन्न भुकेल्या महारांना वाढलं, तापलेल्या वाळवंटात रडणारं त्यांचं पोर कडेवर घेतलं, काशीहून आणलेली कावडीतली गंगा तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. या कथा मुख्यतः अठराव्या शतकातल्या महिपतींमुळे घराघरांत गेल्या. एक मोठा आक्षेपही नोंदवायला हवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये लिहिलं होतं की संतांनी देवापुढची समता शिकवली, माणसामाणसांतली नाही. जातिव्यवस्थेवर त्यांनी घाव घातला नाही. जोहारातला महार कितीही शहाणा असला तरी शेवटी तो जोहारच घालतो, हे खरंच आहे. सोंग उतरलं की गाव पुन्हा होता तिथेच असायचा.

त्याच सुमारास, १९३५ मध्ये, व्ही. शांताराम यांनी प्रभात कंपनीतर्फे एकनाथांवर चित्रपट काढला. आधीचं नाव महात्मा होतं. सेन्सॉरने हरकत घेतल्यावर ते धर्मात्मा झालं. एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व होते. जन्मभर लुगडं नेसून रंगभूमी गाजवलेल्या नटाला पहिल्यांदा पुरुषभूमिकेत पडद्यावर आणलं, ते भारुडांत बायकांच्या तोंडून बोलणाऱ्या संतासाठी.

ज्यात ओवी घालायची नाही, आणि ज्यात घालायची

१५८४ मध्ये नाथांनी एक काम पुरं केलं, त्याचं ऋण मराठी वाचकावर कायमचं आहे. ज्ञानेश्वरीला तोवर तीनशे वर्षं होत आली होती. नकला करता करता पाठ बिघडले होते, कुणी आपल्या ओव्याही घुसडल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही लिहून ठेवली.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भारुडांच्या नशिबी नेमकं उलटं आलं. आजचा भारूडकार नाथांचं एक कडवं म्हणतो आणि मग दहा मिनिटं स्वतःचं बोलतो. मोबाइल, निवडणूक, हुंडा, दारू, सगळं त्यात येतं. राकुगोतही मूळ गोष्टीआधी कलाकार चालू घडामोडींवर गप्पा मारून श्रोत्यांचा अंदाज घेतो, त्याला माकुरा म्हणजे उशी म्हणतात. भारुडात ही उशी आधी, मध्ये, कुठेही सरकते. ग्रंथ शुद्ध ठेवणाऱ्या माणसाने भारुडाच्या शेवटी मात्र कोणतीच ताकीद लिहिली नाही.

नाथांच्याच वेळी आंबेजोगाईला दासोपंत होते, तेही दत्तभक्त. त्यांचा गीतार्णव ग्रंथ प्रचंड आहे आणि कापडावर लिहिलेली त्यांची पासोडी प्रसिद्ध आहे. नाथपंचकात दोघांची नावं एकत्र येतात. पण दासोपंत आज अभ्यासकांच्या टेबलावर आहेत आणि नाथ सप्ताहाच्या मांडवात. दोघांच्या विद्वत्तेत फार फरक नसावा; फरक पडला तो सोंगाने.

नाथांनी शेवटी रामायण हाती घेतलं. भावार्थरामायणाच्या युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि ते थांबलं. उरलेलं त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पुरं केलं. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिलेला, मंद समजला गेलेला पोरगा, असं परंपरा सांगते.

फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. साल १५९९ धरलं जातं. जनार्दनस्वामींची पुण्यतिथीही हीच, म्हणून या दिवसाला वारकरी खूप मोठा मानतात. दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला यात्रा भरते, काल्याची दहीहंडी फुटते. आषाढीला नाथांची पालखी पैठणहून निघते आणि बीड जिल्ह्यात रायमोहा, पाटोद्यावरून पंढरपूरकडे जाते.

औरंगाबाद भागातले निरंजन भाकरे यांनी बुरगुंड्याचं भारूड गावोगाव आणि परदेशातही नेलं. ते २०२१ मध्ये गेले. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी अनेक वर्षं भारूड करतात. बाई स्वतः सोंग घेऊन उभी राहिली की रोडग्याचं भारूड वेगळंच लागतं, कारण तिथे नवस मागणाऱ्या सुनेचा आवाज उसना नसतो. योसेत कार्यक्रम दर दहा दिवसांनी बदलतो, सप्ताह सात दिवसांत उठतो. भारूड पाहायचं असेल तर गावात कुणालाही विचारावं की जागर कोणत्या रात्री आहे, आणि पुढची जागा धरावी. सोंग घेणारा पहिली थट्टा पुढच्या रांगेतल्याचीच करतो.